सेवकाचा विसावा

शास्त्रपाठ : मार्क 6:30 ते 46



मार्काच्या सहाव्या अध्यायात एक लहानशी गोष्ट आहे. तिच्यावर उपदेश झालेला आम्ही फारसा ऐकलेला नाही. पाच हजारांच्या भोजनाचा चमत्कार तिच्या लगेच पुढे येतो, आणि उपदेशकाचे चित्त तिकडेच धावते. प्रभूने आपल्या बारा शिष्यांस दोघे दोघे करून गावोगाव पाठविले होते. ते परत आले व आपण काय केले, काय शिकविले, ते सर्व त्यांनी त्यास सांगितले. त्या वेळी येणाऱ्या-जाणाऱ्यांची इतकी गर्दी होती की शिष्यांस दोन घास खाण्यासही सवड मिळेना. अशा वेळी प्रभूने त्यांस काय सांगितले? शाबास, आता आणखी दहा गावे घ्या, असे सांगितले नाही. गर्दी सोडून निवांत जागी चला आणि अंमळ स्वस्थ व्हा, असे त्याने सांगितले.

ही प्रभूची आज्ञा आहे, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. सांत्वनाचे दोन गोड शब्द म्हणून ती वाचून पुढे जाण्याची आम्हां सर्वांस सवय झाली आहे. चोरी करू नको या आज्ञेपुढे आम्ही नम्र होतो. स्वस्थ हो, ही आज्ञा ऐकून मात्र आम्ही हसतो आणि म्हणतो, प्रभो, मरायलाही फुरसत नाही.

हे दुसऱ्यास शिकविण्यापूर्वी आमचाच अपराध कबूल केला पाहिजे. आमच्याकडे नेवासे तालुक्याच्या बाजूची पाच गावे आहेत. एका वर्षी नाताळच्या सुमारास आम्ही चाळीस दिवस एकसारखे धावत होतो. पाचही गावांच्या उपासना, भजने, मुलांचे कार्यक्रम, तीन लग्ने, दोन मूठमाती, एका कुंपणाच्या भिंतीवरून दोन भावांत लागलेला तंटा, आणि त्यातच घरच्या दीड एकरात कांद्याची लागवड. तीही रात्री, कारण शेतीची वीज रात्रीच येत होती. खिशातला मोबाइल तर जेवणाच्या ताटाशीही वाजत असे. एके दिवशी संध्याकाळी मूठमातीहून परत येऊन आम्ही ओट्यावर टेकलो, तोच वस्तीवरची एक म्हातारी विधवा दारी आली. नातवास ताप भरला होता. तीन मैल चालत ती आली होती आणि तिचे म्हणणे एवढेच होते की, पाळकबाबा, लेकरापाशी येऊन प्रार्थना करा.

आम्ही तिला जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. ती काही बोलली नाही. पदराचे टोक तोंडाशी धरून ती मागे वळली. आमच्या पत्नीने बॅटरी घेतली, चपला घातल्या आणि ती तिच्याबरोबर गेली. त्या दोघींनी मुलापाशी प्रार्थना केली आणि रात्रीच जीप मिळवून त्यास दवाखान्यात नेले. मूल बरे झाले. परंतु त्यात आमचा काही भाग नव्हता.

त्या रात्री आम्ही गुडघे टेकले आणि रागाबद्दल क्षमा मागितली. मागता मागता मनात आले की राग हा तर नुसता शेंडा आहे, मूळ निराळेच आहे. चाळीस दिवसांत एकही दिवस आम्ही मोकळा ठेवला नव्हता. आणि खरे सांगावयाचे तर त्याचा आम्हांस अभिमान होता. आमच्यावाचून मंडळीचे चालत नाही, हे जो तो म्हणे, आणि ते ऐकून आम्हांस सुख होत असे. थकव्याच्या पोटी असा गर्व दडलेला असतो. आम्ही रागाची कबुली दिली, पण या गर्वाची कबुली द्यावयास आणखी कित्येक आठवडे लागले.

आता आमच्या वडिलांच्या वेळची एक गोष्ट घ्या. तेव्हा आमच्या विहिरीवर मोट होती. बैल धावेवरून खाली जात, मोट थारोळ्यात रिकामी होई, मग ते पाठमोरे पावले टाकीत पुन्हा वर येत. दुपार झाली की वडील मोट सोडीत. एकदा पाऊस लांबला आणि ऊस सुकू लागला, तेव्हा चुलत्यांनी दुपारीही मोट चालविली. बैल दोन दिवस चालले, तिसऱ्या दिवशी एकाने धावेवरच बसकण मारली. विहिरीचीही तीच अवस्था झाली. तळ लागला, गढूळ पाणी येऊ लागले. वडील एवढेच म्हणाले, तिला झरू द्या. रात्रभर कोणी काही केले नाही, आणि सकाळी विहिरीत दोन पुरुष पाणी होते. आता मोटा गेल्या, विजेचे पंप आले. झऱ्यांचे काम मात्र अजून त्याच गतीने चालते, बटण दाबल्याने त्यास घाई होत नाही.

बैलाच्या विसाव्याविषयी तर देवाने स्वतः लिहून ठेविले आहे. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात सातव्या दिवसाच्या विश्रांतीचे कारण सांगताना बैल व गाढव यांचे नाव आधी घेतले आहे, आणि मग दासीच्या मुलाचे व परक्याचे. आमच्या या मुलखात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करितात. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा धुऊन, हळद व तूप लावून चोळतात, आणि पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. आपण ख्रिस्ती लोकांनी बैलाची पूजा सोडली, हे योग्यच झाले. पण पूजा सोडताना त्याची सुटीही कोणी सोडली असेल, तर शेजारचा अख्रिस्ती कुणबी शास्त्राच्या त्या वचनास आपल्यापेक्षा अधिक मान देतो, असे म्हणावे लागेल. आणि बैलाचा खांदा चोळणारा तोच मनुष्य आपल्या घरच्या बाईचा खांदा किती ठणकतो, हे कधी विचारीत नाही.

दहा आज्ञांतील शब्बाथाची आज्ञा पाहा. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरे, तुझ्या वेशीतला परका, असे एकेकाचे नाव त्यात आहे. पत्नीचे नाव नाही. सेमिनरीत आमच्या शिक्षकांनी याचा उलगडा केला होता, की पत्नी ही ‘तू’ या शब्दातच आली. शास्त्रार्थ म्हणून तो आम्हांस मान्य आहे. आमच्या घरांत मात्र ती कोठेच आलेली दिसत नाही. रविवारी उपासना, त्यानंतर पाहुणे, पाहुण्यांसाठी चूल. पहाटे व संध्याकाळी गाईची धार, कारण दूधसंकलनाची गाडी रविवारीही येते. पाळकाच्या व उपदेशकाच्या पत्नीस तर कोणी नेमणूक दिलेली नसते, पगार दिलेला नसतो, आणि म्हणून सुटीही नसते. एका उपदेशकाच्या पत्नीने आम्हांस सांगितले की गेल्या कित्येक वर्षांत आपण गरम भाकर खाल्ल्याचे आपणास आठवत नाही. सर्वांचे झाल्यावर जे उरते ते निवलेलेच असते. बंधूंनो, येत्या रविवारी तिला पहिल्याने वाढा. ही लहान गोष्ट आहे, म्हणून तिला सबब सांगता येणार नाही.

येथे कोणी म्हणेल, पाळकसाहेब, हे ज्याच्या घरी दाणे आहेत त्याच्यासाठी ठीक आहे. हे म्हणणे अगदी खरे आहे. पाथर्डी, शेवगावकडील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. त्या बाईस विसाव्याचा उपदेश करणे म्हणजे तिची थट्टा करणे होय. म्हणून ध्यानात घ्या की देवाने शब्बाथाची आज्ञा प्रथम धन्यास दिली आहे, कारण दासाची विश्रांती त्याच्या हाती असते. अनुवादात मोशे लोकांस आठवण करून देतो, की तुम्हीही मिसरात दास होता. जे आपण कालपरवापर्यंत दुसऱ्याच्या बांधावर राबत होतो, त्या आपल्याकडे आज चार मजूर येत असतील, तर त्यांच्या दुपारच्या सुटीचा हिशेब देव आपल्याजवळ मागेल. आणि तोडीवरून कुटुंबे परत येतील, तेव्हा पहिल्याच रविवारी त्यांच्यापुढे दीड तासाचा उपदेश ठेवू नये. पाऊण तासही पुष्कळ झाला. आमच्या एका गावी कुटुंबे तोडीवर असता मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे जेवण मंडळीने आळीपाळीने पोहोचविले. त्याने तोडीवरच्या त्या मुलासुनांच्या जिवाचा घोर जितका हलका झाला, तितका आमच्या कोणत्याही उपदेशाने झाला नसता.

आता जो थकवा शरीराचा नसून मनाचा असतो, त्याविषयी बोलू. एलीया हा केवढा संदेष्टा! कर्मेलावर त्याने अग्नी उतरविला. आणि त्यानंतर लगेच, ईजबेलीचा एक निरोप ऐकून तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाजवळ मरण मागू लागला. मोठ्या विजयानंतर मनुष्य असा खचतो, हे जगास ठाऊक नसते. उपदेशकास ठाऊक असते. सोमवारी सकाळी पुष्कळ सेवकांचे मन असेच झुडपाखाली बसलेले असते. मग देवाने काय केले? विश्वास कमी पडला म्हणून त्यास दटाविले नाही. त्यास झोपू दिले. दूताने त्यास हात लावून उठविले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे पुढे ठेविले. तो जेवला आणि पुन्हा निजला. दूताने दुसऱ्यांदा उठविले, पुन्हा खाऊ घातले. देवाने एलीयास जो प्रश्न विचारावयाचा होता, तो होरेबास पोहोचल्यावर, चाळीस दिवसांनी विचारला. आधी झोप, मग भाकर, मग चाल, आणि त्यानंतर प्रश्न. आपण घरी आलेल्या दुःखी माणसास पहिल्याच घटकेला वचने ऐकवू लागतो. त्याने आज जेवण केले आहे काय, रात्री त्यास झोप येते काय, हे आपण विचारीत नाही.

आपल्या महाराष्ट्रात कर्जाने व नापिकीने गांजलेल्या किती शेतकऱ्यांनी आपला जीव घेतला, हे आपण जाणतो. अशा घरी जाण्याचा प्रसंग आम्हांवरही आला आहे. तेव्हा शेजारी म्हणत होते की महिनाभर तो कोणाशी बोलत नव्हता, रात्री अंगणात फिरत असे. ते पाहिले पुष्कळांनी, विचारले कोणीच नाही. मनाचे दुखणे म्हणजे पाप नव्हे, भूतबाधाही नव्हे. पाय मोडला तर आपण प्रार्थनाही करितो आणि दवाखान्यातही जातो; मन मोडले असता दुसरा भाग का गाळावा? तालुक्यास किंवा नगरास वैद्याकडे जावे. 2022 सालापासून सरकारने ‘टेलि-मानस’ नावाची दूरध्वनीची सोय केली आहे. 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही, पैसे न देता, मराठीत बोलता येते. हा आकडा आम्ही आमच्या पाचही देवळांच्या दारांवर रंगवून घेतला आहे. काही वडील मंडळींस ते रुचले नाही. न रुचो.

पण एक मोठा आक्षेप राहतो, आणि तो आवेशी लोकांचा आहे. प्रभूने आपला प्राण दिला, मग त्याच्या सेवकाने प्राण जपावा काय? या आक्षेपास आम्ही हलके मानीत नाही, कारण आपल्या मंडळ्यांचा पायाच अशा प्राणदानावर घातला गेला आहे. गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईस आले. 1826 च्या मार्चात ते नाशिककडे उपदेशास गेले असता तेथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी आजाऱ्यांस वाटून टाकिली, आणि परत येताना त्याच रोगाने, वाटेवरच्या एका खेड्यातील देवळाच्या ओसरीवर, 20 मार्च रोजी त्यांनी देह ठेविला. वय पुरते बेचाळीसही नव्हते. त्यांनी स्वतःस जपावयास हवे होते, असे म्हणण्याची आमची छाती नाही. आपल्यासमोर मरणाऱ्याच्या तोंडात आपले औषध घालणे हा वधस्तंभ होय, आणि तो प्रभूने पुढे केला तर उचललाच पाहिजे.

परंतु ज्याने आम्ही झिजतो ते सारे असेच असते काय? त्या चाळीस दिवसांचा हिशेब आम्ही नंतर एका कागदावर मांडून पाहिला. आजाऱ्यांच्या व दुःखितांच्या भेटी फार तर दहा भरल्या. बाकीचा वेळ मानापानाच्या बैठका, पाहुण्यांची ने-आण, दुसरा सहज करू शकेल अशी कामे, आणि ‘नाही’ म्हणण्याचे भय यांत गेला. आणि जी खरी आजाऱ्याची हाक होती, ती आली तेव्हा आमच्यापाशी देण्यास काही उरलेच नव्हते. हॉलसाहेबांनी औषध आजाऱ्यास दिले; आम्ही आमचे औषध रस्त्यावर सांडून बसलो होतो.

आपल्या जुन्या मिशनरींच्या चरित्रांत दोन्ही प्रकार आढळतात. 1842 साली नगरास ‘ज्ञानोदय’ निघाला, त्याचे पहिले संपादक हेन्री बॅलंटाईन. त्यांची मराठी गीते आपण अजून गातो. तीस वर्षे श्रम करून प्रकृती खालावल्यावर ते स्वदेशी निघाले आणि 1865 साली समुद्रावरच वारले. मुंबईचे रॉबर्ट विल्सन ह्यूम हेही असेच आजारी होऊन निघाले आणि 1854 साली वाटेतच वारले. त्या काळी औषधे थोडी, प्रवास लांबचा. म्हणून दोष कोणासच देता येत नाही. तथापि त्याच ह्यूमांचा मुलगा रॉबर्ट ॲलन ह्यूम 1874 साली या देशात परत आला, 1878 साली त्याने नगरास सेमिनरी काढिली, आणि मध्ये मध्ये स्वदेशी जाऊन येत अर्ध्या शतकाहून अधिक सेवा केली. मिशनरी लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरासही जात. गावचा उपदेशक मात्र चैत्र-वैशाखात त्याच पत्र्याखाली असे, आणि त्यास पाहून कोणाच्या मनात येत नसे की यासही उन्हाळा लागत असेल. आता मिशनरी गेले, मंडळ्या आपल्या हाती आल्या. उपदेशकाच्या डोक्यावरचा पत्रा पुष्कळ ठिकाणी तोच आहे.

आणि काम अपुरे राहील, या भीतीविषयी काय सांगावे? नारायण वामन टिळक यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतले. सुमारे दहा अध्याय झाले, आणि 1919 च्या मे महिन्यात ते प्रभूकडे गेले. साठांहून अधिक अध्याय राहिले होते. ते लिहिले कोणी? ज्यांस शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी. टिळकांनी रात्रीचा दिवस केला असता तरी तो ग्रंथ त्यांच्या हातून पुरा होणे देवाच्या योजनेत नव्हते, आणि ज्यांच्या हातून व्हावयाचा होता त्या त्यांच्याच घरात होत्या.

मोशेसही हे सासऱ्याने शिकवावे लागले. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करीत बसे आणि लोक रांगेत उभे. इथ्रो पाहुणा म्हणून आला होता. पाहताच म्हणाला की हे बरे नव्हे, अशाने तूही झिजून जाशील आणि हे लोकही. लोकही, हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. मोशेस वाटत होते की आपण एकटेच थकतो. रांगेत उभी असलेली माणसे उन्हात थकत होती, हे त्यास दिसले नव्हते.

तेव्हा मंडळीच्या पंचांस आमची विनंती आहे. पाळकाचा रविवार हा विश्रांतीचा दिवस नव्हे, तो त्याच्या कापणीचा दिवस आहे. त्यास आठवड्यातील दुसरा एक दिवस द्यावा आणि त्या दिवशीची आजाऱ्यांची भेट, प्रार्थना, निरोप ही कामे आपणांत वाटून घ्यावी. उपदेशकांसही विनंती आहे, की तो दिवस मिळाला असता त्या दिवशी कांदे काढीत बसू नये. निजावे. मुलांशी बोलावे. मोबाइल पेटीत ठेवावा. ज्याच्यापाशी मन मोकळे करता येईल असा एक बंधू, शेजारच्या मंडळीचा असला तर बरे, शोधून ठेवावा. शिष्यांनीही स्वस्थ होण्यापूर्वी घडलेले सारे प्रभूस सांगून टाकिले होते.

आणि तो विसावा मोडेल, हेही आधीच सांगून ठेवतो. मार्कातील गोष्ट पुढे वाचा. शिष्य मचव्यातून निवांत जागी पोहोचले, तर लोक पायी धावत त्यांच्याआधीच तेथे हजर! प्रभूस त्यांचा कळवळा आला. त्याने त्यांस शिकविले, जेवू घातले. म्हणजे प्रभूची सुटीही मोडली. पण त्याने ती सोडून दिली नाही. जेवणे होताच त्याने शिष्यांस मचव्यात बसवून पुढे पाठविले, लोकांची समजूत घालून त्यांस स्वतः निरोप दिला, आणि आपण प्रार्थनेस डोंगरावर निघून गेला. त्या लोकांत अजूनही आजारी असतील, प्रश्न विचारणारे असतील. तरी त्याने निरोप दिला.

आमच्या पंचांनी आम्हांस सोमवार दिला आहे. पहिल्या दोन सोमवारी आम्ही ओट्यावर बसून फाटकाकडे पाहत राहिलो, कोणी येते काय म्हणून. तिसऱ्या सोमवारी दुपारी झोप लागली. जागे झालो तो फाटकापाशी तीच वस्तीवरची म्हातारी उभी दिसली, आणि एक तरुण सायकल टेकवून तिच्याशी बोलत होता. त्यास काही दाखल्यावर आमची सही हवी होती. ती त्यास म्हणत होती, “बाबा, आज सोमवार. पंचांकडे जा नाहीतर उद्या ये. निजू दे त्यांना.” तो गेल्यावर तिने ओच्यातून आणलेल्या शेंगा आमच्या पत्नीच्या हाती दिल्या, आणि आम्हांस न उठविता ती आल्या वाटेने परत गेली.